मुद्दल फिटतंय, डबे रिकामे होताहेत

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणारे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, वय ४३. ऑक्टोबर २०२१ मध्ये लेआउटमधल्या प्लॉटवर घर बांधायला त्यांनी २२ लाखांचं कर्ज काढलं. दर ७ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता १७ हजारांच्या थोडा वर. पुढे दर साडेनऊपर्यंत चढला. बँकेनं हप्ता १९,५०० केला आणि मुदतही लांबवली. गेल्या मे महिन्यात त्यांनी खात्याचा उतारा काढला, तर आठ लाख भरूनही मुद्दल जेमतेम सव्वा लाखानं उतरलेलं. "त्या रात्री झोप लागली नाही," ते लिहितात. जूनपासून ते हप्त्यावर दरमहा ८ हजार जादा भरत आहेत. आज बाकी १९ लाख ४० हजार आहे, दर सव्वाआठ टक्के.

पगार हातात येतो ६२ हजार. मुलगी अमरावतीला होस्टेलवर, तिचे महिन्याला १२ हजार. आईवडिलांच्या औषधांचे साडेतीन हजार. वडिलांच्या नावावर पाच एकर कोरडवाहू वावर आणि ८५ हजारांचं सोसायटीचं पीककर्ज. जूनमध्ये पेरणी आणि होस्टेलची फी एकदम आली तेव्हा बायकोचं सोनं एका खासगी फायनान्सकडे ठेवून ९० हजार उचलले, महिन्याला दीड टक्क्यानं. किराण्याच्या दुकानात १४ हजारांची उधारी आहे. सोयाबीन पावसानं धुतलं, पण कापसाचा चुकारा आला आहे: १ लाख २० हजार. तो सगळा गृहकर्जात भरावा असं त्यांना वाटतं. बायको म्हणते, "भिताडाले पैसे चारून रायले, लेकराइनं काय खावाव?" त्यांचं म्हणणं, तिचा हात सढळ आहे, घरखर्च तिला आवरत नाही. विचारतात, "मी चुकतोय का? आणि तिला कसं समजावू?"

गुरुजी, नमस्कार.

आधी त्या उताऱ्याबद्दल बोलू, कारण सगळं तिथून सुरू झालंय. मी बँकेत होते तेव्हा असा उतारा हातात घेऊन काउंटरसमोर गप्प उभी राहिलेली माणसं खूप पाहिली. त्यांना वाटायचं, बँकेनं काहीतरी गफलत केली. तुमच्या खात्यात गफलत नाही. तुम्ही कर्ज घेतलं तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत तो साडेसहावर गेला, आणि बदलत्या दराचं कर्ज त्याच्या मागे मागे गेलं. साडेएकवीस लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच होतं १७ हजार. म्हणजे तुमच्या १९,५०० मधले अडीच हजारच मुद्दलाला लागत होते. त्याच काळात कर्ज घेतलेल्या कितीतरी घरांत हेच झालं, फक्त त्यांनी उतारा काढला नाही म्हणून त्यांना झोप लागली.

तुम्ही काढलात आणि हातपाय हलवलेत, ही मोठी गोष्ट. जादा भरलेला पैसा थेट मुद्दल कापतो, त्यामुळे पुढच्या सगळ्या वर्षांचं त्यावरचं व्याज वाचतं. आजच्या बाकीवर, आजच्या दरानं, नुसता १९,५०० चा हप्ता भरत राहिलात तर कर्ज १४ वर्षांत फिटेल. दरमहा ८ हजार जादा भरलेत तर साधारण ८ वर्षांत, आणि व्याजाचे सहा लाख वाचतील. तेव्हा जादा भरणं मूर्खपणाचं आहे, असं मी म्हणणार नाही. तुमचा हिशेब बरोबर आहे. अर्धाच मांडलाय, एवढंच.

उरलेला अर्धा असा. दहा महिन्यांत तुम्ही ८० हजार जादा भरलेत. त्यानं वर्षाला वाचणारं व्याज, सव्वाआठ टक्क्यांनी, ६,६०० रुपये. त्याच दहा महिन्यांत तुमच्या घरात ९० हजारांचं सोनं गहाण पडून आहे. महिन्याला दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून तर दुकानदार महिन्याचा दर सांगतात. वर्षाचा तो १८ टक्के होतो, म्हणजे १६,२०० रुपये. एका हातानं स्वस्त कर्ज फेडताय आणि दुसऱ्या हातानं महाग कर्ज पाळताय. जून महिन्यात ते ८ हजार गृहकर्जात गेले नसते, तर सोनं कदाचित गेलंच असतं, पण एवढं गेलं नसतं. आणि पुढच्या नऊ महिन्यांत ते बहुतेक सगळं सुटत आलं असतं.

किराण्याच्या उधारीवर व्याज नाही, असं तुम्ही पत्रात लिहिलंय. गुरुजी, खातेवहीत व्याजाचा रकाना नसतो हे खरं, पण उधारीवाल्याला भाव विचारता येत नाही. तो देईल ते तेल, तो लावेल तो दर. गावात राहून हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे जरा अतिच होतंय.

आता चुकाऱ्याचं. हा प्रश्न तातडीचा आहे, कारण मार्च लागलाय. तुम्ही पीककर्जाचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात, मला मात्र सगळ्या पत्रात तीच ओळ महत्त्वाची वाटली. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. त्यात काही सवलत केंद्राची असते आणि बाकीचा भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलला जातो. आपल्या पापळच्या भाऊसाहेबांचं नाव त्या योजनेला आहे, आणि नेमकं आपल्याच भागात ३१ मार्च उलटू देणाऱ्यांची रांग मोठी! तारीख चुकली की सवलत गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे खातं थकीत होतं. थकीत खात्याला जूनमध्ये नवं पीककर्ज मिळत नाही. मग बियाणं-खत कृषी केंद्रातून उधार येतं, मळणी झाल्यावर माल त्याच्याच ओळखीच्या अडत्याकडे जातो, भाव तो म्हणेल तो. सोयाबीनचा हमीभाव (२०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये) कागदावर असतो, अशा माणसाच्या हातात तो पडत नाही.

पारावर तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल, "भरता कायले? माफी होते." झालेल्या आहेत माफ्या. महात्मा जोतिराव फुले योजनेत २ लाखांपर्यंतची थकबाकी गेली, आणि नियमित भरणाऱ्यांना नंतर, २०२२ पासून, ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन मिळालं. पण ज्या घरात एकजण सरकारी पगारावर आहे, त्यानं आपलं खरीप माफीच्या आशेवर टांगून ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून १ लाख २० हजारांतले पहिले ८५ हजार सोसायटीत. याच महिन्यात, शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता, कारण त्या आठवड्यात सचिव सापडत नाही. भरल्याची पावती घ्या आणि नव्या हंगामाच्या कर्जाची मागणी तिथेच देऊन या. तेच पैसे बिनव्याजी पेरणीला पुन्हा हाताशी येतील. मग या जूनमध्ये सोन्याच्या दुकानाची पायरी चढावी लागणार नाही.

उरले ३५ हजार. त्यातून किराण्याचे १४ हजार चुकते करा आणि दुकानदाराला सांगा की आता रोखीनं नेणार, भाव नीट लाव. राहिलेले २१ हजार सोन्याच्या कर्जात. मग तिथे ६९ हजार उरतात. आता तुमचे ते महिन्याचे ८ हजार, ज्यांची तुम्हाला सवय लागलेली आहे, ते घराच्या कर्जाऐवजी इकडे वळवा. दिवाळी होऊन महिना-दीड महिना जाईपर्यंत दागिने सुटतात. मधल्या काळात एक चौकशी करा: तुमच्या पगाराच्या बँकेत सोनंतारण कर्जाचा दर काय आहे? खासगी दुकानापेक्षा तो पुष्कळ कमी असतो. फरक मोठा असेल तर तिकडचं कर्ज घेऊन इकडचं बंद करायला दोन हेलपाटे लागतात, त्याहून जास्त काही नाही.

मला माहीत आहे, हे वाचून तुम्हाला हरल्यासारखं वाटेल. दहा महिने दात-ओठ खाऊन भरलं आणि आता थांबा म्हणते. थांबा म्हणत नाही, गुरुजी. फक्त फेडण्याचा क्रम बदला म्हणते.

आणखी एक गोष्ट, जी मी शाखेत असताना शिकले. वर्धा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना एक गृहस्थ फेब्रुवारीत कापसाची सगळी रक्कम घेऊन आले आणि घराच्या कर्जात भरून गेले. आम्ही कौतुक केलं, मॅनेजर साहेबांनी चहा पाजला. जूनमध्ये तेच गृहस्थ बियाण्यासाठी वैयक्तिक कर्जाचा अर्ज घेऊन आले. त्यांना वाटत होतं, फेब्रुवारीत भरलेलेच पैसे थोडे परत मिळतील. गृहकर्जात गेलेला पैसा परत येत नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तर येतो, पण तुमचं तसं नाही. त्या दिवशी त्यांच्याशी काय बोलावं हे मला सुचलं नव्हतं. तेव्हाचा चहा आठवून आजही ओशाळायला होतं.

आपल्याकडच्या घराचं वर्ष बारा सारख्या महिन्यांचं नसतं. तुमचा पगार दरमहा येतो म्हणून तुम्हाला तसं वाटतं. पण पैसा लागतो तो जूनमध्ये, पेरणी आणि शाळा एकदम. मग पोळा आणि महालक्ष्म्या. मग दिवाळी. आणि वावरातून पैसा येतो दिवाळीपासून मार्चपर्यंत. दरमहा ८ हजार कापण्याची तुमची पद्धत पगारदार शहरी माणसाला शोभते. तुमच्या घरात ती एप्रिलमध्ये चालते आणि जूनमध्ये सोनं मागते.

त्यामुळे दागिने सुटल्यावर पुन्हा जादा भरायला लागाल तेव्हा असं करून बघा. ८ हजारांतले ३ हजार स्वयंपाकघराकडे वळवा. ५ हजारांचं आवर्ती ठेव खातं काढा, पोस्टात किंवा बँकेत. वर्षाला ६० हजार जमतात. पहिल्या वर्षीचे हात न लावता ठेवा, सोयाबीनचं काही उरलं तर तेही त्यात घाला, लाखभर होऊ द्या. म्हणजे हप्ता आणि घरखर्च मिळून दोन महिन्यांची सोय झाली. ठेवीवर साडेसहा टक्के मिळाले आणि कर्ज सव्वाआठचं, म्हणजे लाखामागे वर्षाला पावणेदोन हजारांचा तोटा. तो मी मनापासून सोसायला सांगते. आई रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यावी लागली तर त्या तोट्याचं मोल कळतं.

ती सोय झाली की दरवर्षी मार्चमध्ये, पीककर्ज भरून झाल्यावर आणि जूनचा अंदाज आल्यावर, ६० हजार एकरकमी मुद्दलात. आजच्या बाकीवर हिशेब केला तर १४ वर्षांचं कर्ज यानं पावणेदहा वर्षांच्या आसपास संपतं. दरमहा ८ हजारवाल्या गतीपेक्षा दीड-पावणेदोन वर्षं जास्त. तरीही तुमच्या निवृत्तीच्या खूप आधी. ज्या वर्षी बोंडअळीनं किंवा पावसानं घात केला, त्या वर्षी भरू नका. हे स्वातंत्र्य वाढवलेल्या हप्त्यात नसतं. महागाई भत्त्याची थकबाकी एकदम आली तर मात्र ती घरी आणूच नका, तशीच मुद्दलात टाका. तिची अजून कुणाला सवय लागलेली नसते.

बँकेत एक चक्कर मारायची आहे. आधी उताऱ्यात बघा, तुमचे जादा ८ हजार मुद्दलात जमा झालेत की पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून आहेत. काही ठिकाणी असं होतं, आणि मग व्याज वाचत नाही. पुढे जेव्हा रक्कम भराल तेव्हा साध्या कागदावर लिहून द्या: रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. पोच घ्या. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरणा केला म्हणून दंड लावता येत नाही, त्यामुळे कुणी शुल्क मागितलं तर नियम लेखी दाखवायला सांगा. दर बदलतो तेव्हा हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्कही रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये कर्जदाराला दिला. तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं नसेल. आता तुम्ही विचारा.

आणि मग सर्वांत फायद्याचा प्रश्न: "आज नवीन ग्राहकाला गृहकर्ज काय दरानं देता?" फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. तो फायदा तुम्हाला मिळालाय, म्हणून तर तुमचा दर सव्वाआठ दिसतो. पण रेपोवर बँक जो आपला वाढावा लावते तो जुन्या ग्राहकाला बऱ्याचदा जास्त असतो. अर्ज करून, थोडं शुल्क भरून तो कमी करून मिळतो. अर्धा टक्का जरी उतरला, तरी १९ लाख ४० हजारांवर वर्षाला ९,७०० रुपये होतात. तुम्ही दहा महिने पोटाला चिमटा काढून वाचवले त्याहून जास्त, एका अर्जात. दुसऱ्या बँकेची चौकशी करून ठेवलीत तर आपल्या बँकेतलं बोलणं लवकर संपतं, हा माझा नोकरीतला अनुभव.

स्टाफरूममध्ये कुणी "टॅक्स वाचतो, कर्ज राहू द्या" म्हणत असेल तर ते तुम्हाला लागू नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून तुमच्या पगाराला तिथे कर लागतही नाही. विषय संपला.

विमा मात्र बघा. हा सगळा डोलारा तुमच्या एका पगारावर आहे. उरलेल्या कर्जाएवढा साधा मुदत विमा घ्या, पैसे परत मिळणारा नको. वडील सत्तरीच्या पुढे असतील तर त्यांचं आयुष्मानचं कार्ड काढून आणा, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आता "सढळ हात."

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी बेरीज केली. ६२ हजारांतून हप्ता, जादा ८ हजार, होस्टेल, औषधं आणि सोन्याचं व्याज गेलं की उरतात साधारण साडेसतरा हजार. त्यात पाच माणसांचं जेवण, गॅस, वीज, पेट्रोल, मोबाइल, मुलाची शाळा, पाहुणेरावळे, लग्नाकार्याचा आहेर. गुरुजी, तो हात सढळ नाही. त्या बाईनं १४ हजारांतच उधारी थांबवली, याचं मला आश्चर्य वाटतं.

महागाई तिनं आणलेली नाही. तेलाचं बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क चांगलंच वाढवलं, आणि कारण काय, तर सोयाबीनवाल्यांना भाव मिळावा. पुढे मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं थोडं उतरवलं. तुमच्या वावरातल्या सोयाबीनला त्यानं किती भाव मिळाला ते तुम्हीच सांगा, कढईतलं तेल मात्र महागलं. गॅसचं सिलिंडर एप्रिल २०२५ मध्ये एकदम ५० रुपयांनी वाढलं. यात तुमच्या सौभाग्यवतींनी कुठे हात सढळ केला?

घरात खरंच वाचवण्यासारखं आहे, पण ते एकरकमी पैशानं वाचतं, महिन्याच्या चणचणीनं नाही. तुम्ही जानेवारीत तूर विकली, असं लिहिलंय. आणि जूनपासून तूरडाळ दुकानातून किलो-किलोनं, उधारीवर. एक क्विंटल तूर घरी ठेवून डाळ करून आणली तर साधारण सत्तर किलो डाळ मिळते. पाच माणसांना वर्षभर वरण पुरतं. पुढच्या हंगामात तूर बाजारात न्यायच्या आधी ते एक पोतं बाजूला काढा. गहू आणि तिखटाच्या मिरच्याही मार्च-एप्रिलमध्ये भरून ठेवायच्या, आपल्या आया करायच्या तसं. दागिने सुटेपर्यंत हे सगळं एकदम जमणार नाही. एखादी वस्तू यंदा, बाकीच्या पुढच्या वर्षी.

विजेचं म्हणाल तर नवतपात दोन कूलर चालवल्यावर बिल वरच्या टप्प्यात जाणारच, आणि ४५ अंशांत म्हाताऱ्या माणसांचा कूलर बंद करा असं मी सांगणार नाही. तुमचं स्वतःचं स्लॅबचं छत आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्यावर ७८ हजार अनुदान आहे. दोन-तीन जणांकडून दर मागवा, अनुदान वजा करा, उरलेल्या रकमेला वर्षभराच्या बिलांच्या बेरजेनं भागा. उत्तर पाच वर्षांच्या आत आलं, तर तो पैसा गृहकर्जात घालण्यापेक्षा छतावर घातलेला बरा. अनुदान यंत्रणा बसून सुरू झाल्यावर खात्यात येतं, तोवरची सोय आधी बघावी लागते. म्हणून हे काम दागिने सुटल्यानंतरचं.

गुरुजींसारखाच प्रश्न असलेल्या, पण पगार नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. तुमचं उत्पन्न दुकान, दूध किंवा वावरावर असेल तर दोन नाही, सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय जादा भरण्याच्या फंदात पडू नका. आणि ज्यांना बँकेनं उभं न केल्यामुळे हाउसिंग फायनान्स कंपनीकडून तेरा-चौदा टक्क्यांनी कर्ज घ्यावं लागलं, त्यांचा हिशेब उलटा आहे. त्यांनी दोन-तीन वर्षं हप्ते वेळेवर भरल्याचा उतारा घेऊन बँकेत कर्ज हलवण्याची खटपट करावी. जादा भरणं त्यानंतर.

गुरुजी, एक गोष्ट तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. तुम्ही सहावीत असताना बँकेचा माणूस जीप घेऊन घरी आला होता आणि वडील गुरांच्या कोठ्यात जाऊन बसले होते. मला वाटतं, ते ८ हजार तुम्ही त्या जिपेला देताय. आपल्या भागात कर्ज या शब्दाला जो वास आहे तो बाहेरच्या माणसाला कळायचा नाही, आणि मी तो तुमच्या मनातून काढू शकत नाही. एवढंच सांगते की तुमच्या वडिलांचं कर्ज पावसावर होतं, तुमचं पगारावर आहे. १९ लाख ४० हजार ही बाकी दर महिन्याला उतरणारी आहे. तिच्यासाठी तुम्हाला कोठ्यात जाऊन बसायची वेळ येणार नाही. ती वेळ आणू शकतील अशी दोनच खाती तुमच्या घरात आहेत, सोन्याचं आणि सोसायटीचं. दोन्ही या वर्षात नीट होतात.

राहिला शेवटचा प्रश्न, बायकोला कसं समजावू. समजावू नका. एका रविवारी दुपारी दोघं बसा. पगाराची स्लिप, कर्जाचा उतारा, सोन्याची पावती, किराण्याची वही, सगळं खाटेवर पसरा. त्यांनी हे सगळं एकत्र कधी पाहिलं नसणार, आणि किराण्याची वही तुम्ही कधी उघडली नसणार. त्यांना विचारा, महिना नीट चालायला किती लागतात. त्या सांगतील तो आकडा लिहून घ्या, त्यात लगेच कात्री लावू नका. ३ हजार मी अंदाजानं लिहिलेत, त्या चार म्हणाल्या तर चार. ठेव चारची होईल, कर्ज काही महिने उशिरा फिटेल.

सोनं सोडवायला जाल तेव्हा त्यांना सोबत न्या. दागिने तिथेच, काउंटरवर, पावतीवरच्या वजनाशी ताडून घ्यायचे असतात, आणि कोणती पोत कोणत्या वजनाची हे तुम्हाला सांगता यायचं नाही.